एका लहरीचा वृंद

आधुनिक संगीतांतील कांहीं स्वर सर्वांच्या कानांवर पडतात, पण फार थोड्यांच्या लक्षांत येतात. चित्रपटांत पहाटेचें दृश्य यावें, गायिकेनें गीताची पहिली ओळ संपवून क्षणभर थांबावें, माहितीपटांत हिमालयाचीं शिखरें दिसूं लागावींत; अशा वेळीं मागें एक रुंद, मऊ व सावकाश उमलणारा स्वरसमूह ऐकूं येतो. त्याला ठळक आरंभ नसतो, आघात नसतो, शब्द तर नसतातच. गाण्याच्या पाठीमागें तो पडद्यासारखा पसरलेला असतो. सिंथेसायझर वाजविणारे लोक या स्वराला 'पॅड' म्हणतात. पॅड म्हणजे गादी. गाणाऱ्याच्या आवाजाखालीं अंथरलेली स्वरांची गादी, असा या नांवाचा सरळ अर्थ आहे.

वरवर पाहतां हें काम सोपें वाटतें. विजेच्या साहाय्यानें तीन-चार स्वर एकदम सुरू करावे व ते तसेच चालू ठेवावे, कीं झाली गादी तयार! परंतु प्रत्यक्ष तसें केलें तर अर्ध्या मिनिटांतच ऐकणाऱ्याचें डोकें उठतें. असा स्थिर विद्युत्-स्वर सुराला चोख असूनहि कानाला गिरणीच्या भोंग्यासारखा लागतो. मग ज्या पॅडच्या आधारानें चार-चार मिनिटें गाणें चालतें आणि तरीहि ज्याचा कंटाळा येत नाहीं, त्यांत वेगळें असें काय असतें?

या प्रश्नाचीं उत्तरें अनेक आहेत. त्यांपैकीं एक उत्तर अतिशय साधें, स्वस्त आणि शास्त्रदृष्ट्या मोठें मनोरंजक आहे. इंग्रजींत त्याला 'पल्स विड्थ मॉड्युलेशन' म्हणतात. मराठींत त्याला स्पंदाची रुंदी हलविणें असें म्हणतां येईल. हेंच नांव दिव्यांचा उजेड मंद करणाऱ्या व विजेच्या मोटारींचा वेग आवरणाऱ्या योजनेलाहि आहे. तेथें विजेची उघडझाप इतक्या झपाट्यानें होते, कीं डोळ्याला केवळ सरासरी उजेड दिसतो. संगीतांत मात्र ती उघडझाप स्वतःच स्वर होऊन कानीं येते.

स्पंद म्हणजे काय, हें समजण्यास घरांतील विजेचें बटण पुरेसें आहे. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं एक बटण दर सेकंदास ११० वेळां चालू होतें व तितक्याच वेळां बंद होतें, आणि त्यांतून जाणारा प्रवाह लाउडस्पीकरला जोडलेला आहे. लाउडस्पीकरचा पडदा तितक्याच वेळां पुढें-मागें होईल व खर्जांतील एक स्वर ऐकूं येईल. या स्वराची उंची ठरली ती ११० फेऱ्यांनीं. आतां प्रत्येक फेरींत बटण किती वेळ चालू राहावें, हा अगदीं निराळा प्रश्न आहे. तें निम्मा वेळ चालू व निम्मा वेळ बंद राहिलें, तर लहरीची आकृति चौकोनी होते. तिची रुंदी ५० टक्के आहे असें म्हणतात. फेरीच्या चौथ्या हिश्शापुरतें चालू राहिलें तर रुंदी २५ टक्के, दहाव्या हिश्शापुरतें राहिलें तर १० टक्के. रुंदी कितीहि ठेवली तरी फेऱ्या ११० च राहतात; म्हणून स्वराची उंची बदलत नाहीं. बदलतो तो त्याचा रंग.

हा रंग कशानें बदलतो? फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यानें १८२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथांत असा सिद्धांत मांडला, कीं पुनःपुन्हा त्याच रूपांत येणारी लहर अनेक साध्या लहरींच्या बेरजेनें बनवितां येते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच विचार कानाला लागू केला. मूलस्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे उपस्वर वाजत असतात, आणि त्यांतील कोणता किती बळानें वाजतो यावर स्वराचा रंग अवलंबून असतो, हें त्यानें दाखविलें.

हें माप स्पंदाला लावलें म्हणजे मोठी नियमित अशी रचना दिसते. रुंदी ५० टक्के असतां दुप्पट, चौपट, सहापट असे सर्व सम उपस्वर नाहींसे होतात. उरतात ते फक्त विषम. म्हणून चौकोनी लहरीचा आवाज क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांसारखा पोकळ लागतो. रुंदी २५ टक्के केली, कीं दर चौथा उपस्वर गळतो आणि दुपटीचा उपस्वर एकदम जोरानें पुढें येतो. रुंदी १० टक्के केली तर दर दहावाच तेवढा गळतो, बाकी सारे हजर असतात. पण मूलस्वराचें बळ मात्र चौकोनी लहरीतील मूलस्वराच्या सुमारें ३१ टक्केच उरतें. पायाच असा खचल्यामुळें आवाज बारीक व नाकांतून काढल्यासारखा होतो. ७५ टक्क्यांचा स्पंद व २५ टक्क्यांचा स्पंद कानाला सारखेच वाटतात. कारण चालू कोणतें आणि बंद कोणतें, यांतील भेद कानाला कळत नाहीं.

जपानच्या निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम नांवाच्या खेळयंत्रांत स्पंदाच्या चारच रुंद्या ठेविल्या होत्या : साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. शेवटची रुंदी दुसरीसारखीच ऐकूं येत असल्यामुळें संगीतकाराच्या हातीं खरे रंग तीनच उरत. त्या तीन रंगांतहि चतुर लोकांनीं सुंदर चाली बांधल्या; परंतु ताणून धरलेल्या स्वराची गादी त्यांतून निर्माण करणें कठीणच होतें. कारण रंग कितीहि चांगला असला, तरी तो जागच्या जागीं स्थिर होता.

आतां त्या बटणाची रुंदी एके ठिकाणीं न ठेवतां सावकाश हलवूं लागलें तर काय होईल? समजा, ती एका सेकंदांत ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली आणि पुढच्या सेकंदांत तितक्याच संथपणें परत ५० वर आली. मूलस्वर या जाण्यांत एकदां ओसरतो व येण्यांत एकदां भरून येतो. दुपटीचा उपस्वर प्रथम शून्य असतो. ७५ टक्क्यांपाशीं तो पूर्ण भरांत येतो आणि मग पुन्हां मंदावूं लागतो. दहापटीचा उपस्वर तर त्या एकाच सेकंदांत चार वेळां उमलतो व चार वेळां मिटतो. म्हणजे मूलस्वर संथ श्वास घेत असतां त्याच्या वरचे उपस्वर क्रमाक्रमानें अधिक वेगानें हालत असतात. उंची तीच आणि वाजविणाऱ्याचें बोट तर पट्टीवर निश्चल. तथापि आंतील एकहि उपस्वर क्षणभर स्थिर नाहीं.

भारतीय श्रोत्याला हा अनुभव सर्वस्वीं नवा नाहीं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावली, कीं एकाच तारेंतून उपस्वर एकामागून एक पुढें येऊं लागतात. ज्या जागीं तार छेडली असतां कांहीं उपस्वर नियमाप्रमाणें मुळींच उमटूं नयेत, तेथेंहि ते ठळकपणें उमटतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत नोंदविली आहे. जवारीची क्रिया आणि स्पंदाची क्रिया या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक तार व घोडी यांच्या स्पर्शांतून घडते, दुसरी विद्युत्-मंडलांतून. परंतु कानाला मिळणारें सुख एकाच जातीचें आहे. ज्या स्वरावर दोन तास गाणें उभें राहतें, तो तंबोऱ्याचा स्वर अचल असूनहि आंतून सतत हालत असतो. मिरजेचे कारागीर जवारीसाठीं जो वेळ खर्च करितात, तो याच हालचालीसाठीं.

स्पंदाची रुंदी हलविल्यानें एक स्वर जणूं दोन-तीन वाद्यांचा होतो, असें वादक सांगतात. हा केवळ भास आहे काय? नाहीं; त्याला गणिताचा आधार आहे. करवतीच्या दात्याप्रमाणें चढत जाऊन एकदम खालीं पडणारी एक लहर असते; तिला करवती लहर म्हणतात. अशी एक लहर घ्यावी आणि तिच्यासारखीच दुसरी, पण थोडी मागून निघणारी, घ्यावी. पहिलींतून दुसरी वजा केली असतां दोघींचे चढ एकमेकांना पुसून टाकतात व खालीं उरतो तो नुसता स्पंद. दुसरी लहर जितकी मागें, तितकी त्या स्पंदाची रुंदी. याचा अर्थ असा, कीं प्रत्येक स्पंदांत दोन करवती लहरी दडलेल्या असतात. रुंदी स्थिर असतां त्या हातांत हात घालून चालतात, म्हणून त्या दोन आहेत हें कळत नाहीं.

रुंदी वाढूं लागली, कीं दुसरी लहर सारखी मागें मागें पडत जाते. दूर जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी ज्या कारणानें उतरलेली वाटते, त्याच कारणानें या मागें पडणाऱ्या लहरीचा स्वर किंचित उतरतो. रुंदी कमी होऊं लागली म्हणजे तो किंचित चढतो. वरच्याच उदाहरणांत पहिली लहर ११० कंपनांची असतां दुसरी जातांना १०९.६ कंपनांची होते आणि येतांना ११०.४ कंपनांची. दोन सतारिये एकच सुर लावून बसले तरी त्यांच्यांत केसाइतका फरक राहतो, आणि त्या फरकामुळें दोघांचा मिळून स्वर हेलकावे घेतो. तेंच येथें एका लहरीच्या पोटांत घडतें. मूलस्वरांत हेलकाव्यांची गति सेकंदास ०.४ आणि दहापटीच्या उपस्वरांत बरोबर ४. चार वेळां उमलून मिटणारा जो दहापटीचा उपस्वर वर सांगितला, तो हाच.

यांतूनच या युक्तीचा एक मोठा गुण निघतो. दोन स्वतंत्र ऑसिलेटर घेऊन त्यांच्यांत प्रमाणशीर फरक ठेवला, तर हेलकाव्यांचा वेग प्रत्येक सप्तकाला दुप्पट होतो. ११० कंपनांवर जो फरक सेकंदास ०.४ हेलकावे देतो, तोच ८८० कंपनांवर ३.२ हेलकावे देतो; खालीं संथ वाटणारी जोडी वर थरथरूं लागते. स्पंदाच्या रुंदींत तसें होत नाहीं. ८८० कंपनांच्या स्वराची दुसरी लहर ८७९.६ कंपनांची होते. म्हणजे फरक तेथेंहि ०.४ च. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर हा फरक खालच्या स्वरावर सुमारें सहा भाग भरतो आणि वरच्या स्वरावर एका भागाहूनहि कमी. म्हणून चार बोटांनीं धरलेला स्वरसमूह खालपासून वरपर्यंत एकाच संथ लयींत हालतो. गादीला जी सपाटी लागते ती हीच.

या ज्ञानाचा इतिहास पैशाच्या व्यवहाराशीं निगडित आहे. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यानें १९६४ सालीं व्होल्टेजच्या इशाऱ्यावर चालणारे ऑसिलेटर संगीतासाठीं तयार केले. त्याच्या कंपनीचा १९७० सालचा मिनीमूग फार गाजला. त्यांत तीन ऑसिलेटर होते. स्पंदाच्या कांहीं ठराविक रुंद्याहि होत्या, पण त्या हलविण्याची सोय नव्हती. आवाज भरदार करण्यासाठीं तीन ऑसिलेटर किंचित बेसूर लावीत. एका वेळीं एकच स्वर वाजविणाऱ्या वाद्याला हा खर्च परवडत होता. ए. आर. पी. कंपनीच्या १९७२ सालच्या ओडिसी या वाद्यांत रुंदी हलविण्याची सोय आली; तथापि तेंहि मुख्यतः एकट्या स्वराचेंच वाद्य होतें.

खरी अडचण आली ती अनेक स्वर एकदम वाजविण्याची इच्छा झाली तेव्हां. सहा स्वरांना प्रत्येकीं तीन ऑसिलेटर म्हणजे अठरा. आणि ते अठराहि हवेच्या उष्णतेनें आपापल्या मर्जीप्रमाणें बेसूर होणार! सीक्वेन्शियल सर्किट्स कंपनीच्या १९७८ सालच्या प्रॉफेट-५ मध्यें पांच स्वरांसाठीं दहा ऑसिलेटर होते. यामाहाचें सी. एस.-८० हें आठ स्वरांचें वाद्य तर सुमारें शंभर किलो वजनाचें होतें. तें हलविण्यास माणसें लागत. त्याच्या पट्टीवर स्पंदाची रुंदी, ती हलविण्याचा वेग आणि हलविण्याचें प्रमाण यांसाठीं निरनिराळे सरकते दांडे होते. अशीं वाद्यें मोठ्या स्टुडिओंची व नामवंत वादकांचीच मिरास होतीं.

या ठिकाणीं स्पंदाची रुंदी उपयोगी पडली. स्पंद निर्माण करण्यास करवती लहर आणि एक ठराविक व्होल्टेज यांची तुलना करणारें छोटेंसें मंडल पुरतें. लहर त्या व्होल्टेजच्या वर असेपर्यंत बटण चालू, खालीं गेली कीं बंद. तें व्होल्टेज वरखालीं केलें कीं रुंदी आपोआप हलते. एक संपूर्ण ऑसिलेटर वाढविण्यापेक्षां हें कितीतरी स्वस्त होतें. कॉर्ग कंपनीनें १९८१ सालच्या पॉलिसिक्समध्यें सहा स्वरांना प्रत्येकीं एकच ऑसिलेटर दिला, आणि रुंदी हलविण्यासाठीं वेगाची स्वतंत्र कळ दिली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८२ सालीं, रोलंड कंपनीचीं जूनो-६ व जूनो-६० हीं वाद्यें आलीं. त्यांतहि प्रत्येक स्वराला ऑसिलेटर एकच.

जूनोचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तिच्या ऑसिलेटरांची कंपनसंख्या अंकगणकी घड्याळाच्या ठोक्यावर ठरे. त्यामुळें तीं वाद्यें बेसूर होत नसत. वादकांची एक जुनी कटकट मिटली. परंतु तिच्याबरोबर तो सूक्ष्म बेसूरपणाहि गेला, ज्याच्यामुळें जुनीं वाद्यें उबदार वाटत. रचनाकारांनीं ही उणीव दोन उपायांनीं भरून काढली. पहिला उपाय स्पंदाच्या हलत्या रुंदीचा. दुसरा उपाय कोरस नांवाच्या मंडलाचा. त्यांत मूळ आवाजाची थोडी उशिरा येणारी प्रत त्याच आवाजांत मिसळतात व तो उशीर सावकाश कमी-जास्त करितात. नीट पाहिलें तर दोन्हीं उपायांचें मूळ एकच आहे. मागें पडणारी व पुढें येणारी लहर किंचित उतरते व चढते. ज्या वाद्यांत स्वराला एकच ऑसिलेटर, त्याचा आवाज तंतुवाद्यांच्या मोठ्या वृंदासारखा ऐकूं यावा, हें या दोन उपायांचें फळ होय. आज चाळीस वर्षांनंतरहि पॅड म्हटला, कीं अनेकांच्या कानांत जूनोचाच स्वर उभा राहतो.

त्याच १९८२ सालीं कमोडोर ६४ हा घरगुती संगणक निघाला. रॉबर्ट यॅनिस यानें रचलेल्या त्याच्या ध्वनि-चकतींत आवाज अवघे तीन. पण स्पंदाची रुंदी ४०९६ पायऱ्यांनीं बदलतां येई. खेळांचें संगीत लिहिणारे लोक दर सेकंदास पन्नास वेळां ती रुंदी थोडी थोडी सरकवीत, आणि तीन आवाजांच्या यंत्रांतून भरलेली मैफल उभी करीत.

आतां प्रत्यक्ष पॅड कसा बसवावा, तें पाहणें योग्य होईल. प्रथम रुंदीची मर्यादा. ती ५० टक्क्यांपासून ८० किंवा फार तर ९० टक्क्यांपर्यंत हलवावी. १०० टक्क्यांवर बटण कधीं बंदच होत नाहीं. म्हणजे स्पंदच उरत नाहीं आणि आवाज क्षणभर लुप्त होतो. ९० टक्क्यांवरहि लहरीचें एकूण परिमाण चौकोनी लहरीच्या ६० टक्क्यांवर येतें, आणि पॅडचा आवाज लहान-मोठा होत असल्याचें जाणवूं लागतें. ८० टक्क्यांवर थांबल्यास तें ८० टक्के राहतें. रंग हालतो, पण आवाज डुलत नाहीं.

दुसरी गोष्ट वेगाची. रुंदी हलविणारा जो मंद ऑसिलेटर असतो, त्याचे सेकंदास ०.३ ते ०.६ इतके हेलकावे पॅडला पुरतात. तो वेग सेकंदास पांच-सहांवर नेला, कीं गादीच्या जागीं थरथराट होतो. कांहीं नाट्यपूर्ण प्रसंगीं तो शोभेल, गाण्याखालीं नाहीं. या मंद लहरीचा आकार त्रिकोणी असावा. त्रिकोणी लहर सारख्या गतीनें जाते व सारख्या गतीनें येते, म्हणून दडलेल्या दोन लहरींतील फरक सर्व वेळ सारखा राहतो. गोलाईदार लहर घेतली तर तो फरक मध्यावर जास्त आणि टोंकांना नाहींसा होतो. स्वर कांठाशीं येऊन थबकल्यासारखा वाटतो. चौकोनी मंद लहर तर रुंदीला उड्या मारावयास लावते. ती पॅडला वर्ज्यच समजावी.

तिसरी गोष्ट खर्जाची. फरक कंपनांत सारखा राहतो, म्हणून तो खालच्या स्वरांत अधिक जाणवतो. ५५ कंपनांच्या स्वरावर तोच ०.४ चा फरक अर्ध्या स्वराच्या शंभरांपैकीं बारा-तेरा भागांइतका होतो, आणि पायाच डळमळूं लागतो. यासाठीं जूनोंत एक सप्तक खालीं वाजणारी निश्चल चौकोनी लहर वेगळी मिसळतां येते. पाया स्थिर आणि वरचा मजला हलता, अशी वांटणी केली म्हणजे गाणाऱ्याला सुराचा भरंवसा राहतो.

यानंतर फिल्टर. अरुंद स्पंदांत वरचे उपस्वर फार. त्यांचे हेलकावेहि झपाट्याचे. ते सगळेच ऐकूं दिले तर पॅडमध्यें किलबिलाट होतो व तो गायकाच्या शब्दांतील 'स' आणि 'श' यांच्याशीं भांडूं लागतो. फिल्टरनें वरची बाजू छाटून पहिले आठ-दहा उपस्वर ठेवावे. आवाज पूर्ण उमलण्यास एक सेकंद आणि विरण्यास दोन सेकंद द्यावे, म्हणजे एक स्वरसमूह दुसऱ्यांत न कळत मिसळतो. अधिक श्रीमंती हवी असेल तर दोन थर घ्यावे व त्यांच्या रुंद्या निरनिराळ्या वेगांनीं हलवाव्या. एकाचा वेग ०.३१ आणि दुसऱ्याचा ०.४७ ठेवला, तर दोघांची जुळणी पुन्हां पहिल्यासारखी व्हावयास पूर्ण शंभर सेकंद लागतात. पुनरावृत्ति कानाला पकडतां येत नाहीं. आणि जेथें ती पकडतां येत नाहीं, तेथें यंत्राचें यंत्रपण विसरतें.

आजकाल हें सर्व संगणकावर करतां येतें; परंतु तेथें एक खांचखळगा आहे. संगणक ध्वनीचे तुकडे करून हिशेब करतो. सामान्यतः सेकंदास ४४,१०० तुकडे. ८८० कंपनांच्या स्वराच्या एका फेरीच्या वाट्याला त्यांतील सुमारें पन्नासच येतात. बटण चालू-बंद होण्याची वेळ तुकड्याच्या सीमेवरच धरली, तर रुंदी दोन-दोन टक्क्यांच्या पायऱ्यांनींच सरकूं शकते. संथ हालचालीऐवजीं खरखर ऐकूं येते, आणि जे उपस्वर हिशेबाच्या मर्यादेबाहेर जातात, ते उलटून बेसूर होऊन परत येतात. टिम स्टिल्सन व ज्युलियस स्मिथ यांनीं १९९६ सालीं लहरींच्या कडा गणितानें गुळगुळीत करण्याची रीत मांडली. तिच्यासारख्या रीतींनीं हा दोष आतां चांगल्या प्रोग्रॅमांत बहुतेक दूर झाला आहे. प्रोग्रॅम निवडतांना वरच्या सप्तकांत एक स्वर धरून रुंदी सावकाश हलवून पाहावी. खालून कांहीं बेसूर सरकतांना ऐकूं आलें, तर तो प्रोग्रॅम पॅडसाठीं सोडून द्यावा.

संगणकानें आणखी एक मोह उत्पन्न केला आहे. ऑसिलेटरची आतां किंमत राहिलेली नाहीं. सोळा घ्यावे, बत्तीस घ्यावे, त्यांवर प्रतिध्वनीचे थर चढवावे, अशी सोय प्रत्येक घरांत झाली आहे. परिणामीं पुष्कळ पॅड मोठे होतात, पण भरदार होत नाहींत. सर्व जागा तेच व्यापतात, आणि ज्या गळ्यासाठीं त्यांना बोलाविलें, त्याला उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. एका ऑसिलेटरावर काम करणाऱ्यांना ही चैन नव्हती. त्यांना प्रत्येक हालचाल मोजून करावी लागे, आणि त्या मोजण्यांतूनच त्यांचा स्वर सुसह्य झाला. स्वर भरदार वाटावयास त्यांत अनेक आवाज असावे लागत नाहींत. एकाच आवाजांत नियमित, संथ आणि मर्यादशील बदल असावा लागतो, हें स्पंदाच्या रुंदीनें सप्रमाण दाखविलें आहे.

म्हणून नवीन वादकानें आरंभीं एकच ऑसिलेटर घ्यावा, कोरस बंद ठेवावा, फिल्टर निम्मा उघडावा आणि केवळ रुंदीच्या मर्यादा व वेग या दोनच कळांवर एक संध्याकाळ घालवावी. एक स्वरसमूह धरून वर कोणालातरी गावयास सांगावें. गाणें चालू असतां पॅडकडे कोणाचें लक्ष जात नसेल, आणि तो एकदम बंद करतांच गाणारा दचकून मागें पाहत असेल, तर दोन्हीं कळा योग्य जागीं बसल्या आहेत असें समजण्यास हरकत नाहीं.